दोन रेघांच्या मधे

फेरीबोटीत गाडी चढवली की इंजिन बंद.
रायबंदर ते चोडण, सहा-सात मिनिटं.
तेवढीच लागतात, कायतान म्हणतो,
तेलाला वरून ओघळून खाली जमायला.
म्हणून सर्व्हिसिंगनंतर मी तिथंच तपासते,
मासळीच्या टोपल्या आणि एखाद्या टेम्पोच्या मधल्या फटीत
गाडी सेंटर स्टँडवर घेऊन.

कांडी काढायची, पुसायची
(कापूस माझ्या पर्समध्ये असतोच),
परत आत सोडायची, आटे न फिरवता,
नुसती टेकवायची,
दुखऱ्या दातावर जीभ टेकवावी तशी.
हेही त्यानंच शिकवलं, नऊ वर्षांपूर्वी,
पहिल्या हप्त्याच्या आठवड्यात,
जेव्हा गिअरची गाडी घेऊन आलेली बाई बघायला
टेम्पोवाले काच खाली करत.
आजही कुणीतरी पुढं होतोच, "बाय, हांव पळयतां."
मी पाठ वळवते.

पहिल्या दिवसाचं तेल इतकं नितळ
की कांडीवर ते दिसतच नाही,
उजेडाकडं तिरकी धरावी लागते.
धरली.
वरच्या रेघेच्याही वर, अर्धं बोट.

आधी नदीवर ढकललं.
बोट हलते, नदीच्या पातळीवर काय विश्वास ठेवायचा.
चोडणचा धक्का उताराचा,
आमचं अंगण उताराचं,
या बेटावर पाणी ठरलं तरच ठरतं.
शेवटी आरोग्य केंद्राच्या पोर्चमध्ये,
जिथं रुग्णवाहिका उभी असते त्या फरशीवर,
जेवणाच्या सुट्टीत पुन्हा.
अर्धं बोट.

तेल कमी असलं तर सगळे धावतात.
जास्त असलं तर म्हणतात, असू दे, बरंच की.
पण ते आत फेसाळतं, सील ढकलतं,
जिथं फक्त हवा जायची तिथं चढतं.

मला पगार मिळतो तो आकडे वाचायचा.
आणि कायतानचे आकडे मला पाठ आहेत,
उपाशीपोटी एकशे ऐंशी, मग दोनशे चौदा,
गेल्या महिन्यात दोनशे त्रेचाळीस, लाल शाईत गोल.
त्या दिवशी रजिस्टरमध्ये सही करताना
त्याचं पेन रेघेच्या खाली उतरलं होतं,
दुसऱ्याच कुणाच्या तरी नावात.
मी हसले होते तेव्हा.

वीस एमएलची नवी सिरिंज, सलाइनची नळी,
चार वेळा ओढलं. ऐंशी.
काकवीच्या रिकाम्या बाटलीत भरून
गेटच्या बिजागऱ्यांसाठी ठेवून दिलं.
स्टॉक रजिस्टर: सिरिंज एक, कारण गळकी.
कांडी पुन्हा टेकवली,
आता दोन रेघांच्या मधे, गप्प.

त्याला सांगायचं का,
यात चार दिवस गेले.
एकदा गॅरेजसमोरून गेले तर तो
कुणाच्या तरी कार्ब्युरेटरवर वाकला होता,
नाक लोखंडाला लागेल इतका.
हॉर्नही वाजवला नाही मी.

सोमवारी आला, काही न खाता,
अंगाला साबण आणि पेट्रोल दोन्हींचा वास.
दंडाला पट्टा बांधला, म्हटलं मूठ वळा.
शीर लगेच सापडली, त्याची नेहमीच सापडते.
नळीत रक्त खुणेपर्यंत चढत असताना
भिंतीवरल्या कॅलेंडरकडं बघत त्यानं विचारलं,
"कितलें काडलें?"

"पाच एमएल," मी म्हणाले, "झालंच."

"रगत न्हय गो. तेल."

बाहेर कुणाचं तरी बाळ लशीला रडत होतं.
"ऐंशी," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्याचा हिशोब शंभरचा होता,
रात्री कॅन वजनाला हलका लागला तेव्हाच कळलेलं.
मग कापूस दाबून धरला,
मी सांगते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.
"फुडल्या खेपे कांडी तूं वाच," तो म्हणाला,
"हांव ओततां."

डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी त्याच्या खिशात घातली.
त्यानं ती वाचली नाही.
नळीवर त्याचं नाव लिहिलं,
कायतान, वय एकसष्ट,
अक्षरं नेहमीपेक्षा मोठी आली.